उषाबाईंच्या नावाचं नेट

इंटरनेट हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तोवर आमच्या घरी सगळं सुरळीत चाललं होतं.

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे. (वरिष्ठ म्हणजे माझ्या हाताखाली कोणी आहे असं नाही, मी लवकर लागलो, एवढंच.) गेल्या नोव्हेंबरात आमच्याकडे नागपूरहून एक पाहुणे व्याख्यान द्यायला आले. विद्यार्थी कमी पडले म्हणून प्राचार्यांनी ऑफिसातल्या लोकांना नेऊन मागच्या बाकांवर बसवलं. अशा वेळी मी डोळे उघडे ठेवून झोपतो. पण त्या दिवशी समोसे यायला उशीर झाला आणि मला नाइलाजानं ऐकावं लागलं. पाहुणे म्हणाले, हवा, पाणी आणि इंटरनेट यांवर प्रत्येकाचा सारखा हक्क आहे. ज्याच्या घरी नेट आहे आणि जो त्याला पासवर्ड लावून बसलाय, त्यानं गावच्या विहिरीला कुलूप घातलंय. हे म्हणताना ते नेमके माझ्याकडे बघत होते.

आता खैरबोडीत, म्हणजे आमच्या गावात, तारेचं नेट फक्त माझ्या घरी. बाकीचं गाव मोबाईलच्या रेंजवर, आणि रेंज मिळते ती फक्त बोडीच्या पाळीवर. धानाची ऑनलाइन नोंदणी असो की रेशनकार्डाचं केवायसी, माणूस तलावाच्या बांधावर चढून मोबाईल डोक्यावर धरून उभा. शेजारच्या बाबूलालनं माझ्याकडे दोनदा पासवर्ड मागितला होता. एकदा मी म्हणालो, बिघडलाय. दुसऱ्यांदा म्हणालो, कंपनीवाले घेऊन गेले. (पासवर्ड बिघडत नाही हे बाबूलालला माहीत नसावं, असं मला वाटायचं. त्याला माहीत होतं.)

समोसा खाल्ला तरी मन खातच होतं. घरी पोचल्यावर दारातच बायकोला सांगितलं.

"कामिनी, मी नेटचा पासवर्ड काढून टाकतो. साऱ्या गावाले फुकट."

"काहून?"

"हक्क आहे त्यायचा."

"दोन महिन्यांपासून सांगून राहिली का मोरीचा पाईप बदला. तो माया हक्क नाई का?"

पाईपवर व्याख्यान झालेलं नव्हतं.

"काढा बाप्पा," ती म्हणाली, "पण आईचं काम होऊन जाऊ द्या आधी."

आईचं काम म्हणजे माझ्या सासूबाईंचा हयातीचा दाखला. सासूबाई, म्हणजे उषाबाई, रिटायर नर्स. बपेऱ्याला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेन्शनवर एकट्या राहतात आणि कोणापुढे हात पसरत नाहीत. (माझ्यापुढे तर नाहीच नाही.) दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं त्यांना सरकारला कळवावं लागतं. पूर्वी अंगठा लावला की भागायचं. पण तीस वर्षं गरम पाण्यात आणि स्पिरिटमध्ये हात घालून त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्यात, मशीन त्यांना ओळखत नाही. आता मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवायचा. त्याला चांगलं नेट हवं, आणि राज्याच्या सीमेवरच्या बपेऱ्यात मोबाईल हटकून मध्यप्रदेशचा टॉवर पकडून बसतो. म्हणून त्या आमच्याकडे येणार होत्या. पण "धानाची मळणी उरकल्याशिवाय मी हालत नाई" असा त्यांचा निरोप होता, आणि मळणी उरकत होती एकोणतीस तारखेला. दाखल्याची शेवटची तारीख तीस.

"दाखला गेला नाई तं पेन्शन थांबते," कामिनी म्हणाली. "अन् मंग आईले कोणाच्या तरी घरी जाऊन राहा लागन. आपलंच घर जवळ हाय."

मी तिला समजावलं की आपलं नेट अनलिमिटेड आहे, कितीही सांडलं तरी संपत नाही.

राहिला नावाचा प्रश्न. आमच्या नेटचं नाव म्हणजे कंपनीनं दिलेली बारा-पंधरा अक्षरं आणि आकडे. आमच्या गावात फुकटच्या वस्तूवर नाव लागतंच. शाळेतल्या थंड पाण्याच्या टाकीवर आहे, बसथांब्याच्या बाकड्यावर आहे, हनुमान मंदिरातल्या पंख्याच्या तर तिन्ही पात्यांवर आहे. बिननावाची वस्तू लोक सरकारी समजतात आणि दगड मारून बघतात. मला पहिल्यांदा माझंच नाव सुचलं, पण कामिनीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मग सुचलं सासूबाईंचं. त्या बावीस वर्षं खैरबोडीच्याच दवाखान्यात होत्या. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. शिवाय (हे मी कामिनीला बोललो नाही) लग्नापासून सासूबाईंचं माझ्याबद्दल जे मत आहे, ते यानं जरा तरी सुधारलं असतं.

कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमाले काई चांगलं सुचलं," ती म्हणाली.

अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी मी पासवर्ड काढला आणि नेटला नाव दिलं, 'उषाबाई नर्स'. एकोणतीसला सकाळच्या बसनं कामिनी आईला आणायला बपेऱ्याला गेली. मी दोन दिवसांची रजा टाकून घरी बसलो.

नऊच्या सुमाराला बाबूलाल आला. खांद्यावर दुपट्टा, हातात मोबाईल. ओट्यावर टेकला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"मोबाईलवर नाव पाह्यलं भाऊ," तो म्हणाला. "छातीत धस्स झालं."

"होते तसं. कोणालेच वाटलं नव्हतं."

"कवा झालं?"

"काल सांजेले. दोन मिनिटांत झालं. काईच तरास नाई."

त्यानं वर बघून हात जोडले. "पुण्यवान बाई. नाई तं लोक महिना-महिना अटकून राह्यते."

"ते कंपनीच्या हातात असते," मी म्हणालो.

 बाबूलाल नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला. फुकटच्या नेटनं माणूस इतका हळवा होतो हे मला नवीन होतं.

"लय मोठं मन होतं बाईचं."

"होतं काय, आहे."

"हाव जी. आहेच समजाचं." त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले. "वहिनी कुठं गेल्या?"

"बपेऱ्याले. उद्या बाराच्या बसनं घेऊन येते त्यायले. उद्याच सारं उरका लागते, नंतर चालत नाई."

"हाव, उद्या तिसरा दिवस," बाबूलाल म्हणाला. कशाचा तिसरा, हे मी विचारलं नाही. पासवर्ड काढल्याचा असेल.

दुपारपर्यंत माझं अंगण भरलं. लोक येत, चपला फाटकाबाहेर काढत, मला लांबून हात जोडत आणि सतरंजीवर मोबाईल घेऊन खाली मान घालून बसत. मी चहा विचारला तर एकही जण हो म्हणेना. उलट पार्वताबाई, म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण घेऊन आली. "चूल नोको पेटवू बापू," म्हणाली, "दोन घास खाऊन घे." तिच्यामागे आणखी दोन घरांचे डबे आले. तिन्ही डब्यांतल्या वरणाला फोडणी नव्हती. गावातल्या बायका फोडणी द्यायला विसरल्या असं समजून मी तिन्ही डबे संपवले. पाहुण्यांनी व्याख्यानात सांगितलं होतं की नेट आलं की समाज जवळ येतो. डबे घेऊन येतो हे ते सांगायचे राहिले असावेत.

संध्याकाळी बाबूलाल चार माणसं घेऊन परत आला.

"भाऊ, गावाची इच्छा हाय. उद्या अकराले तुमच्या अंगणात लहानसा कार्यक्रम ठेवतो."

"कायले उगाच," मी म्हणालो. (मनात म्हणालो, ठेवा.)

"नाई, आमचं कर्तव्य हाय. तुमाले दोन शब्द बोला लागन. अन् एक फोटो द्या, फ्रेमवाला."

सत्कार म्हटला की फोटो आलाच. माझा एकट्याचा फ्रेमवाला फोटो घरात नाही. (कामिनी म्हणते, भिंत कमी पडते.) मी आमच्या लग्नाचा काढून दिला. मध्ये मी, एका बाजूला कामिनी, दुसऱ्या बाजूला सासूबाई.

तीस तारखेला मी लग्नातला कोट घातला. बटण लागत नव्हतं, पण हारानं ते झाकलं जाईल असा हिशेब होता. अकराला बाहेर आलो तर अंगणात साठ-सत्तर माणसं आणि टेबलावर तो फोटो. फोटोला हार. पुढे अगरबत्ती. आणि फोटोतल्या माझ्या आणि कामिनीच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवलेला. मला जरा विचित्र वाटलं. पण लगेच माझं नाव पुकारलं गेलं, आणि भाषण समोर असलं की मला दुसरं काही सुचत नाही.

मी बोललो, आणि स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण छान बोललो. "उषाबाई आता एका घरापुरत्या राहिल्या नाहीत," मी म्हणालो. "त्या हवेत आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाईल उघडा, त्या तिथे आहेत. या अंगणात आहेत, बाबूलालच्या गोठ्यात आहेत." बायका हुंदके द्यायला लागल्या. मला आणखी चेव आला. "आणि हा तुमचा हक्क आहे. उद्या कोणी म्हणालं, बंद करा, तर बंद करू नका. खुद्द मी म्हणालो तरी करू नका."

पार्वताबाई ओक्साबोक्शी रडत होती. इंटरनेटवर इतकं परिणामकारक भाषण भंडारा जिल्ह्यात कोणी केलं नसेल.

मग बाबूलाल उठला आणि म्हणाला, "आता दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू."

सत्काराच्या कार्यक्रमात शांतता पाळत नाहीत, हे मला एक मिनिट झाल्यावर आठवलं.

"बाबूलाल," मी ओठ न हलवता विचारलं, "कोण गेलं?"

त्यानं माझ्याकडे फार दयेनं बघितलं. "तुमची सासू, भाऊ."

"कोणं सांगितलं तुले?"

"तुमीच. नेटले नाव नाई देल्लं? पाण्याची टाकी कोणाच्या नावाची हाय? मेली ते. बसथांब्याचा बाकडा? मेला तो. पंख्यावर तिघायचे नावं हायत, तिघंबी गेले. जित्त्या माणसाच्या नावानं या गावात आजपर्यंत काय फुकट भेटलं, सांगा बरं."

मी आठवून बघितलं. काहीच भेटलं नव्हतं.

"मंग कामिनी बपेऱ्याहून कोणाले घेऊन येते असं वाटलं तुले?"

"अस्थी," बाबूलाल म्हणाला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि अस्थी आत आल्या. हातात पिशवी, कमरेला खोचलेला पदर, मागे कामिनी. दोन मिनिटं संपली होती, पण कोणी बसेना. सासूबाईंनी अंगणावर एक नजर फिरवली आणि आवाज खाली आणला.

"कोण गेलं जी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पार्वताबाई काठी टेकत पुढे गेली आणि तिनं सासूबाईंच्या दंडाला चिमटा काढला. "गरम हाय," तिनं मागे वळून सगळ्यांना सांगितलं.

मग सासूबाईंना फोटो दिसला. हार दिसला. माझ्या तोंडावरचा कागद दिसला. शेवटी त्यांनी माझा कोट बघितला.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पण पंधरा वर्षांत जी काही थोडीफार वर चढली होती, ती त्यांची मर्जी मला डोळ्यांदेखत खाली जाताना दिसली. कामिनीकडे तर मी बघितलंच नाही.

मी कसंबसं सगळं सांगितलं. पासवर्ड, हक्क, नाव. सासूबाईंनी ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि स्वतःच्या फोटोशेजारी बसल्या.

"किती जणायचं बोलनं राह्यलं?"

"चौघायचं," बाबूलाल चाचरत म्हणाला.

"मंग थांबले काहून? बोला. मेल्यावर मले ऐकू येनार हाय का?"

आणि शोकसभा पुढे चालू झाली. बाबूलालनं सांगितलं की त्याचा जन्म दूर शेतावरच्या झोपडीत झाला, तेव्हा बाई चिखल तुडवत, पायी तीन कोस आल्या होत्या. "बैलबंडीनं आली होती," सासूबाई म्हणाल्या, "तुया बापानं आणली. अन् तू पायाकडून आला, ते सांग." पार्वताबाई म्हणाली, माझ्या सुनेला रक्त लागलं तेव्हा हिनं स्वतःचं दिलं आणि कोणाला सांगितलं नाही. यावर सासूबाईंनी काही दुरुस्ती केली नाही. त्या पदराशी चाळा करत बसल्या. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि ती दाखवायची सोय नव्हती म्हणून मी अगरबत्ती सरळ केली.

"अहो," कामिनी माझ्या कानात म्हणाली, "तीन वाजले. दाखला."

आमच्याकडे चारला लाईट जाते आणि मग कधी येईल याचा काही भरवसा नसतो. लाईट गेली की नेट गेलं. मी धावत मोबाईल आणला, अ‍ॅप उघडलं. पडद्यावर चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. अनलिमिटेड नेट कसं संपलं ते मला कळेना. मग मी अंगणात बघितलं. साठ-सत्तर माणसं, तितके मोबाईल, आणि प्रत्येक मोबाईलवरून सासूबाईंचा हार घातलेला फोटो 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून स्टेटसला चढत होता. त्या मेल्याचं साऱ्या गावाला कळवण्यात नेट इतकं गुंतलं होतं की त्या जिवंत असल्याचं सरकारला कळवायला जागाच उरली नव्हती. पासवर्ड परत लावायला गेलो तर त्याचं पानही उघडेना.

"मंडळी," मी म्हणालो, "जरा आपापलं नेट बंद करा."

कोणी हललं नाही.

"तुमीच सांगितलं ना भाऊ," बाबूलाल म्हणाला, "खुद्द मी म्हणालो तरी बंद करू नका."

"तो हक्काचा मुद्दा होता."

"आमीबी हक्काचंच बोलून राह्यलो."

साडेतीन झाले. कामिनीचा चेहरा उतरला. सासूबाई वरवर शांत होत्या, पण पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. पेन्शन त्यांची होती आणि घरही त्यांचं होतं. मी पुन्हा हात जोडले. कोणी ऐकेना. तेव्हा त्या उठल्या.

"लाईनीत बसा," त्या म्हणाल्या. हा आवाज अंगणातल्या निम्म्या लोकांनी लसीकरणाच्या दिवशी ऐकलेला होता. "मोबाईल बंद करून समोर ठेवा. ज्याचा चालू दिसन त्याले सुई."

साठ-सत्तर मोठी माणसं मांडी घालून रांगेत बसली. बाबूलालनं मोबाईल ठेवला आणि नकळत दंड चोळला.

चाक थांबलं. पडद्यावर गोल आला आणि त्यात सासूबाईंचा चेहरा. चारला दहा कमी. 'चेहरा स्पष्ट दिसत नाही,' अ‍ॅपनं लिहिलं. पुन्हा तेच. मी जवळ जाऊन बघितलं, तर सासूबाईंचे डोळे भरलेले.

"अगरबत्तीचा धूर गेला," त्या म्हणाल्या.

कामिनीनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. अ‍ॅपनं सांगितलं, डोळ्यांची उघडझाप करा. त्यांनी केली. त्यांच्याबरोबर अख्ख्या अंगणानं केली. मग हिरवी खूण आली. कामिनीनं मोठ्यानं वाचलं, दाखला जमा झाला. सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं, आणि पार्वताबाईनं खात्रीसाठी आणखी एक चिमटा काढला.

जाताना सासूबाई मला म्हणाल्या, "जवाईबापू, जित्तेपणी हे ऐकाले भेटलं, तुमच्यामुळं. पण नेटवरून मायं नाव काढा. मले अजून लय दिवस राहाचं हाय."

"मग कोणाचं देऊ?"

"तुमचंच द्या," कामिनी पटकन म्हणाली.

दिलं. 'चंद्रकुमार क्लार्क'. आता खरं सांगतो, ती शोकसभा ऐकल्यापासून माझ्या मनात थोडी हाव निर्माण झाली होती. आपल्याबद्दलही गावात कोणी दोन शब्द बोलेल, एखादं फोडणीशिवायचं वरण येईल. दुसऱ्या दिवशी रविवारचा धुतलेला पायजमा घालून मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. कोणी आलं नाही. लोक कुंपणाच्या भिंतीला टेकून नेट वापरत होते, धानाची नोंदणी करत होते, हसत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबूलाल आला. खांद्यावर दुपट्टा. मी चेहरा गंभीर केला आणि थोडा सावरून बसलो. तो माझ्या बाजूनं पुढे गेला आणि दारातून आत डोकावला.

"वहिनी, एक विचाराचं होतं. भाऊ नसले तरी नेट चालूच राहीन ना?"

"राहीन ना," कामिनी आतून म्हणाली. "ते असले काय अन् नसले काय, नेटले काय फरक पडते?"

बाबूलालला हायसं वाटलं. तो माझ्याशेजारी टेकला, मोबाईल काढला, दोनदा झटकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, जरासे तिकडं सरका. तुमी मंधात आले का रेंज कमी होते."